हातावरचा पारा

रविवार, रात्र

आज आईचा ताप बघायला डिजिटल थर्मामीटर लावला. तो पी पी करून थांबला आणि मला १९८२ सालचा सांगलीतला आमचा वाडा आठवला.

तेव्हा खेळ म्हटला की रक्त आलंच. भोवऱ्याची आर अंगठ्यात घुसायची, बेचकीचा खडा कुणाच्या तरी कपाळाला लागायचा, टिकल्या दगडाने ठेचताना बोटं भाजायची. मग हळद, मग धपाटा. माझा भोवरा तर आजीने दोनदा बंबात घातला. पाऱ्याशी खेळू नको, असं मात्र कुणी कधीच म्हटलं नाही.

समोरचे काका दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथलं रक्तदाब मोजायचं यंत्र फुटलं, तेव्हा त्यातला थोडा पारा त्यांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून मला कौतुकाने आणून दिला. एवढीशी बाटली, पण पाण्याच्या साडेतेरा पट जड! शहाबादी फरशीवर ओतला की शंभर मणी होऊन फटींकडे पळायचे. पोस्टकार्डाने ढकलत आणले की एकमेकांत टुपकन शिरून पुन्हा एकच गोळा. तळहातावर गारेगार, आणि हात कोरडाच. याचं मला केवढं नवल वाटायचं.

एकदा आई माझ्यासोबत खाली बसून ते मणी गोळा करत होती. पारा सोन्यात शिरतो. बघता बघता तिची अंगठी चांदीसारखी पांढरी पडली. दोघी सराफकट्ट्यावर गेलो. सोनाराने अंगठी तापवली, पांढरेपणा उडाला, पिवळा रंग परत आला. मी टाचा उंचावून, तोंड अगदी जवळ नेऊन बघत होते. जे उडालं ते गेलं कुठे, हे कुणाच्याच मनात आलं नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, आणि ती फुप्फुसातून रक्तात, तिथून मेंदूत जाते. तो सोनार तर दिवसभर तिथेच बसायचा.

संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, पोस्टकार्ड मीच द्यायचे ना तुला." आजारपणात तिला हे सांगायला नको होतं.

ताप ९९वर आलाय. अंगठी आता तिच्या बोटात सैल होते, म्हणून आतून दोरा गुंडाळलाय.