छप्पर कापलेल्या गाडीचं मूळ रूप कोणतं?

कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात माझी १९३२ची फोर्ड कूप (दोन दारांची बंद गाडी) उभी केली, की तासाभरात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. मंडळाच्या गणपतीला ती नेली तरी विचारतात, आणि कोल्हापूरला फोन केला की धाकटा भाऊ हटकून विचारतो, "दादा, एवढी जुनी गाडी, आणि छप्पर कापून खाली घेतलेलं तसंच ठेवलंस? कंपनीतून आली होती तशी का नाही करून घेत?" याच्या उलट बोलणारेही भेटतात. ते इंजिनात डोकावतात आणि म्हणतात, हे जुनं कशाला वागवताय, शेवरलेटचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन टाका, एसी बसवा आणि सुखाने फिरा. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धं राहतं. म्हणून आज नीट लिहितो.

माझी कूप ही हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी हाताने फेरफार केलेली जुनी गाडी. हॉट रॉड ही कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी नव्हे. १९३२ साली फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, ६५ अश्वशक्तीचं. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळायला लागल्या तशी दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची, मडगार्ड काढून वजन कमी करायची, इंजिनावर एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर चढवायची आणि मोहावी वाळवंटात म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, आणि वेगाची नोंद आणखी रीतसर झाली. युद्ध संपलं, विमानांवर नि रणगाड्यांवर हात बसलेली मुलं घरी परतली, आणि या वेडाला उधाण आलं. विक एडलब्रॉक हा युद्धाआधीपासूनच या वेडातला एक गॅरेजवाला. त्याने स्वतःच्या गाडीसाठी मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे नेणारी नळ्यांची जोडणी, बनवला, तो इतरांनी मागितला, आणि त्यातून पुढे कारखाना उभा राहिला.

हे मला परकं कधीच वाटलं नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. पार्ट मिळत नसेल तर बनवायचा, आणि बनवताना पहिल्यापेक्षा बरा होत असेल तर तसा बनवायचा, हे मी तिथेच पाहिलं. म्हणून गाडीला हात लावूच नये असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी सहजासहजी जात नाही.

पण एक गाडी माझ्या हातून गेली आहे.

१९९८ साली मी १९२९ची मॉडेल ए सेडान घेतली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात ती कित्येक वर्षं झाकून होती. चाळीस अश्वशक्तीचं चार सिलिंडरांचं मूळ इंजिन, कंपनीचाच रंग, पाठीमागच्या सीटचं मूळ कापड. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे, पाय ठेवतो त्याच्या वरच, तीही न ठोकलेली. कुणीही तिला कधी काही केलेलं नव्हतं. मी तिच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, गॅस कटर चालवला, चॅसीचे दोन आडवे मेंबर कापले आणि शेवरलेटचं इंजिन बसवलं. मॉडेल ए तर चाळीस लाखांहून जास्त बनल्या, एकीने काय होतंय, असा माझा हिशेब होता. इंजिन भंगारात दिलं. सीटचं कापड काढून टाकलं, त्याचा हातभर तुकडासुद्धा ठेवला नाही. पुढे काही वर्षांनी एक गृहस्थ तसल्याच गाडीच्या सीटचं काम करत होते. मूळ शिवण कशी होती, टाके किती अंतरावर होते, हे त्यांना पाहायचं होतं. माझ्याकडे आहे का म्हणून फोन आला. काय सांगणार? ती गाडी आजही कुणाकडे तरी धावत असेल, पण ते टाके गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझा नियम ठरला. जी गाडी कारखान्यातून आली तशीच आजवर टिकली आहे, तिला कापायचं नाही. हॉट रॉड करायचीच असेल तर ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी १९३२च्या फोर्डची नवीकोरी पोलादी बॉडी बनवते. ती घ्या आणि हवी तशी कापा. किंवा अर्धी गंजलेली, दारं नसलेली, सांगाडाच उरलेली गाडी घ्या. तिला तुम्ही जीव देताय. कोठारात झाकून ठेवलेल्या गाडीकडून तुम्ही काढून घेताय.

आता कूपचं. ही माझ्याकडे आली तेव्हा तिचं छप्पर कापून तीन इंच खाली घेतलेलं होतं, आणि ते काम फार जुनं होतं. ज्यांना दाखवली त्यांतल्या एका जाणकाराने सल्ला दिला की दुसऱ्या गाडीचं पूर्ण उंचीचं छप्पर आणा, लावा आणि कंपनीसारखी करा, किंमत येईल. मी होकार देणारच होतो. आधी रंग उतरवून पाहू म्हटलं.

दारांच्या वरचा रंग निघाला आणि खाली राखाडी, मऊ चमक दिसली. शिसं होतं. तेव्हा आजच्यासारखी डब्यातली पुट्टी नव्हती. वेल्डिंगचा सांधा झाकायला शिसं तापवून, लाकडी पट्टीने थापून, मग कानशीने घासून पत्र्याशी एकजीव करायचे. उजव्या बाजूला हे काम इतकं सफाईदार होतं, की नखाला सांधा लागत नव्हता. डाव्या बाजूला मात्र शिसं जाड होतं, कानशीचे ओरखडे तिरपे गेलेले. मी बराच वेळ तिथेच हात फिरवत बसलो. ज्याने कुणी हे केलं त्याने डावी बाजू आधी केली असावी, आणि उजवीकडे येईस्तोवर त्याचा हात बसला असावा. छपराच्या मधोमध तर आणखी गंमत. त्या काळच्या कूपचं छप्पर अखंड पत्र्याचं नसायचं, मध्ये कापड ताणलेलं असायचं. ती जागा त्याने दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या छपराचा तुकडा कापून भरली होती, आणि त्या तुकड्याचे ठोकून बसवलेले कंगोरे आतून हाताला लागत होते.

हे छप्पर उचलून फेकून द्यायचं आणि त्याला मूळ रूप म्हणायचं? फोर्डच्या कारखान्यात तशी छपरं हजारोंनी निघाली. हे एकच निघालं, कुणाच्या तरी घराच्या मागच्या अंगणात. माझ्या गाडीचं मूळ रूप ते आहे. म्हणून छप्पर राहिलं, डाव्या बाजूचे ओरखडेही राहिले.

अशा गाड्यांना मान मिळायला फार उशीर लागला. कॅलिफोर्नियातल्याच पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या नामांकित प्रदर्शनात पहिल्यांदा हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग निघाला तो १९९७ साली, आणि त्यात डोन स्पेन्सरने बनवलेली १९३२ची रोडस्टर (उघड्या छपराची गाडी) पहिली आली. तिथे गाडी कारखान्यासारखी आहे का हे बघायचं नव्हतं, तर तिच्या बनवणाऱ्याने जशी बनवली तशी आहे का हे बघायचं होतं. त्या दोन शब्दांच्या फरकाने किती जुन्या गाड्या वाचल्या असतील!

मग मी काहीच बदललं नाही का? बदललं. १९३२च्या फोर्डला ब्रेक सळ्यांचे. पायाचा जोर सळ्यांतून चाकापर्यंत जायचा, आणि चारही चाकं सारखी धरतील याची खात्री नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते थेट १९३९च्या मॉडेलपासून, आणि जुन्या पोरांनीही तेच आणून या गाड्यांना लावले, कारण ते फारशी कापाकापी न करता बसतात. मीही तेच लावले. मास्टर सिलिंडर मात्र आजचा, दोन सर्किटचा घेतला, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकांचा ब्रेक शिल्लक राहतो. कापडात गुंडाळलेलं सहा व्होल्टचं जुनं वायरिंग हात लावला की तुटून पडत होतं, ते सगळं नवं केलं. सीटबेल्ट बसवले. यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. शेजारी बायको बसते, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची मुलं असतात. पण यातली प्रत्येक गोष्ट नट सोडून काढता येते, एकही नवं भोक चॅसीला पाडलेलं नाही. काढलेल्या सळ्या, क्लिपा, जुना स्विच, सगळं गॅरेजमधल्या लाकडी पेटीत आहे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे, कुठून काढलं आणि कधी.

इंजिन मात्र फ्लॅटहेडच, म्हणजे फोर्डचं ते जुनं व्ही-एटच ठेवलं. त्याची खोड मला ठाऊक आहे. धुराची वाट इंजिनाच्या ब्लॉकमधूनच बाहेर जाते, मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड, त्यामुळे बरीच उष्णता पाण्यात उतरते आणि लॉस एंजेलिसच्या दुपारच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढत जातो. रेडिएटर जाड बसवला, पाण्याच्या वाटा साफ करून घेतल्या, आणि ऑगस्टमध्ये दुपारी गाडी काढत नाही. शेवरलेटचं इंजिन स्वस्त आहे, जोरदार आहे, कधी रुसत नाही. नव्या बॉडीच्या गाडीत कुणी ते टाकलं तर मी मदतीला जाईन, गेलोही आहे. या गाडीत नको. हिच्या छपराखाली फ्लॅटहेडचाच आवाज होता.

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला दोन बारीक भोकं आहेत, स्क्रूची. तळ्यावर गाडी पळवली की नोंदलेल्या वेगाची पितळी पट्टी मिळायची, आणि पोरं ती अभिमानाने डॅशबोर्डवर ठोकायची. इथे तशी पट्टी होती, की नुसता कुठला स्विच, हे मला कधीच कळणार नाही. पेंटर म्हणाला, भरून घेऊ, कळणारसुद्धा नाही. मी रंग द्यायच्या आदल्या दिवशी त्या दोन भोकांत दोन टूथपिक खोचून ठेवल्या, आत रंग जाऊ नये म्हणून. रंग वाळल्यावर त्या माझ्या हाताने काढल्या.