आधी कोपरा वाचा

डिसेंबर 1971, भारत-पाकिस्तान युद्धाचे दिवस. मी आठवीत होतो. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून वर्गाच्या खिडक्यांना आम्हीच खळ लावून तपकिरी कागद चिकटवले होते. भूगोलाच्या बाई पेपरात आलेली गावे भिंतीवरच्या नकाशात शोधायला लावायच्या. छांब सापडले, शकरगड सापडले, लोंगेवाला काही केल्या सापडले नाही. कोणी धावत जाऊन नकाशावर पट्टी टेकवली की बाई अडवायच्या, "आधी कोपरा वाच. नकाशा कुठल्या सालचा ते सांग, मग गाव दाखव."

त्याच दिवसांत, 10 डिसेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचे सुखोई-7 विमान लाहोरच्या पूर्वेला जमिनीवरच्या माऱ्याने पडले आणि ते युद्धकैदी झाले. आम्हाला याचा पत्ता नव्हता. त्यांची हकीकत मी वाचली ती फार उशिरा, मोजणी खात्यातल्या नोकरीची वीसेक वर्षे उलटल्यावर. एका बैठकीत वाचून काढली आणि बाई आठवल्या.

पारुळकरांचे हे पहिले युद्ध नव्हते. 1965 मध्ये त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, उजवा खांदा जखमी झाला. पुढच्या विमानातून लीडर सांगत होता, विमान सोडून उडी मार. त्यांनी ते मोडके विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले.

रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते. पारुळकरांच्या मनात पहिल्यापासून एकच गोष्ट होती, इथून निसटायचे. गरेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांच्याबरोबर निघणार होते, पण तयारीला बाकीच्यांचेही हात लागले. सुया चुंबकित करून होकायंत्र केले. वैमानिकाच्या जी-सूटमधली, म्हणजे उड्डाणात अंगाला दाब देणाऱ्या पोशाखातली, रबरी पिशवी पाण्यासाठी घेतली. जिनिव्हा करारानुसार कैद्यांना दरमहा मिळणारे पैसे साठवले. कोठडीच्या भिंतीतल्या विटा सुरी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर अशा हत्यारांनी मोकळ्या केल्या, तेही पहारेकऱ्याच्या कानावर आवाज न जाऊ देता. मी आयुष्यभर बांधांवर आणि कुंपणांवर फिरलो आहे. भिंतीतून एक वीट सुटी करायला किती वेळ आणि किती आवाज लागतो, हे मला ठाऊक आहे.

13 ऑगस्ट 1972 च्या पहाटेआधी, वादळी हवेत, तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून टांगा, थोडे पायी, पुन्हा बस, आणि सकाळीच खैबर खिंडीतले लंडी कोतल. कोणी विचारले तर आपण पाकिस्तानी हवाई दलातले, सुट्टीवर फिरायला आलो, असे सांगायचे ठरले होते. अफगाण सीमा आता काही मैलांवर होती. तिथे त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली.

लंडी खाना हे खैबर रेल्वेचे सीमेजवळचे शेवटचे स्टेशन. 1926 मध्ये तिथवर गाडी गेली आणि 1932 मध्ये बंदही झाली. चाळीस वर्षे जिथे गाडी जात नव्हती, तिथली वाट हे तिघे जुन्या नकाशाच्या भरवशावर विचारत होते. लोकांना संशय आला. त्या काळी पाकिस्तानात अडकलेली बंगाली माणसे त्याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत, हे तिघेही त्यातलेच असावेत असे वाटले आणि त्यांना तहसीलदारापुढे उभे केले.

इथे मला पारुळकरांची सगळ्यात मोठी हुशारी दिसते. त्यांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे खास मदतनीस अधिकाऱ्याला, फोन लावायची मागणी केली. हा अधिकारी आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. पलीकडून कोण बोलते आहे हे त्याने ओळखले आणि ही माणसे आमची आहेत, असे तहसीलदाराला सांगितले. तिघांचे प्राण त्या फोनने वाचले, असे मी मानतो. 1 डिसेंबर 1972 ला ते इतर कैद्यांबरोबर वाघ्यावरून मायदेशी आले.

पुढचे आयुष्य त्यांनी शिकवण्यात घालवले, हे मला फार मोलाचे वाटते. हवाई दल अकादमीत ते उड्डाण प्रशिक्षक होते, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दोनदा बटालियन कमांडर होते. विशिष्ट सेवा पदक मिळाले, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. खडकवासल्याच्या बाजूला मोजणीसाठी मी कितीदा गेलो असेन! त्यांना पत्र लिहून बाईंचे वाक्य कळवायचे, असे मनात होते. ते राहून गेले. ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचे आमंत्रण द्यायला बाईंकडे गेलो, तेव्हा ही सगळी हकीकत त्यांना सांगितली. बाई नव्वदीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते, पण लंडी खान्यापाशी त्यांनी मला हाताने थांबवले. सुनेला भिंग आणायला सांगितले. कपाटातला जुना अॅटलास मांडीवर घेतला आणि खैबरचे पान काढण्याआधी छपाईचे साल शोधू लागल्या.