नाचणी तीच, पाकीट नवीन

नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हे काही आज कळलेलं नाही, पण आमच्या लहानपणी नाचणीची भाकरी डब्यात नेली की पोरं हसायची, गरिबाघरचं खाणं म्हणून. मग २०२३ हे युनोचं मिलेट वर्ष झालं आणि तीच नाचणी 'रागी' बनून चकचकीत पाकिटात आली, आता तीच पोरं मॉलमध्ये दुप्पट पैसे मोजतात.

मला वाटतं लोक पोषण बघून घेतच नाहीत, आधी विश्वास बघतात. कोण सांगतंय? डॉक्टर, जिम ट्रेनर, की रीलवाला? आणि मुलांचा विषय आला की आईबाप लगेच हळवे होतात, त्यावरच तर दुधात घालायच्या पावडरी इतकी वर्षं खपल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ई-कॉमर्सवाल्यांना बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'मधून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. हॉर्लिक्सही त्याच सुमारास 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक' झालं. घरोघरी काय फरक पडला? फारसा नाही, निदान आमच्या बिल्डिंगीत तरी.

चव आणि सोय, बाकी सगळं नंतर. वहिनीला मी 'मल्टिग्रेन' बिस्किटांचं पाकीट उलटं करून दाखवलं, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात ना, तर पहिला मैदा, दुसरी साखर, नाचणी कुठे तरी खाली. ती म्हणाली, माहितीये हो भावोजी, पण भाकरी खातायत का ही पोरं?