मराठी ई-पुस्तक: अपलोड करण्याआधी मजकूर आतून तपासा

स्वतःचं पुस्तक ई-बुक म्हणून काढायचं ठरलं की बहुतेक लेखक आधी मुखपृष्ठाच्या मागे लागतात आणि मग अपलोडच्या. ही कामं त्या मानाने लवकर उरकतात. वेळ द्यायला हवा तो मजकुराला. छापील पानावर अक्षर दिसायला बरोबर असलं की भागतं. ई-पुस्तकात तेच अक्षर वाचक लहान-मोठं करतो, शोधतो, फोनला मोठ्याने वाचायला लावतो. म्हणून ते फाइलच्या आतही बरोबर असावं लागतं, आणि जुन्या मराठी फाइलींत ते बरेचदा नसतं.

हस्तलिखित श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं असेल, तर फाइलमध्ये देवनागरी नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले आहेत, एवढंच. फॉन्ट बदलून पाहा. सगळ्याचा इंग्रजी गोंधळ झाला तर समजा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, रूपांतर करणं आलं. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, तेव्हा त्याच फॉन्टासाठी बनवलेला कन्व्हर्टर घ्या. अख्खी फाइल त्यात ओतू नका. आधी एक चाचणी परिच्छेद करा आणि त्यात मुद्दाम अवघड शब्द घाला: आर्थिक, स्थिती, द्विधा, ब्रह्म, उद्ध्वस्त, ज्ञान, दुसऱ्या, कॅलेंडर.

चुका कुठे होतात हे या शब्दांवरून लगेच कळतं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. कन्व्हर्टर कच्चा असला की ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून जात नाही, मध्येच अडकते आणि ‘स्थिती’च्या जागी वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. रफाराचं उलट आहे: जुन्या फॉन्टांत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ‘आर्थिक’मध्ये रफार आणि वेलांटी दोन्ही असल्याने त्या एका शब्दात कन्व्हर्टरची बरीच परीक्षा होते.

आणखी एक नुकसान हमखास होतं. मजकुरात अधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील, तर कन्व्हर्टर त्यांनाही जुन्या फॉन्टातलं मराठी समजून निरर्थक देवनागरी करून टाकतो. यावर उपाय वर्डमध्येच आहे. ‘फाइंड’च्या प्रगत चौकटीत शोधायचा शब्द रिकामा ठेवा, ‘फॉरमॅट’मधून ‘फॉन्ट’ निवडून जुन्या फॉन्टाचं नाव द्या आणि त्या फॉन्टातला सगळा मजकूर एकदम निवडा. त्याला एखादा ठळक रंग द्या. रंगवलेलं तेवढं रूपांतरित करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

आता ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्याकडे वळतो, कारण मराठी ई-पुस्तकांत इथे चुका होणं सोपं असतं. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतली माणसंच वेगळी. हा आडवा रफार युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिलेला सापडतो. एकीत नुक्त्याचा (खाली ठिपका असलेला) ‘ऱ’, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एकीला दुसरी सापडेलच असं नाही. शिवाय ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्ट करताना किंवा एखादं साधन मजकूर ‘साफ’ करताना गळून पडतं आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. सगळीकडे पहिली पद्धत ठेवा.

वर्डमध्ये हे दोन टप्प्यांत होतं. ‘फाइंड’च्या चौकटीत ‘र’ आणि हलन्त टाइप करा, त्याला चिकटून कॅरेटचं चिन्ह (^), लहान लिपीतलं इंग्रजी यू आणि इंग्रजी अंकांत ८२०५ लिहा. हा त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक आहे. बदल्यात ‘ऱ’ आणि हलन्त. हे सरसकट बदलायला हरकत नाही, कारण त्या जुळणीतून मराठीत आडवा रफारच मिळतो. दुसरा टप्पा मात्र हातानेच करायचा. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा आणि एकेक पाहत जा. कार्य, सूर्य, धैर्य, पर्याय, मर्यादा, अर्हता हे जसेच्या तसे ठेवायचे. दुसरा, पायरी, नोकरी, शेतकरी, वारा अशा शब्दांची रूपं आली की दुसऱ्या, पायऱ्या, नोकऱ्या, शेतकऱ्याला, वाऱ्यावर असं करायचं. तऱ्हा, वऱ्हाड, गुऱ्हाळ यांच्यावरही नजर ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण इथे ‘रिप्लेस ऑल’ दाबलंत तर ‘सूर्य’सुद्धा बिघडेल.

याच फेरीत आणखी दोन गोष्टी उरका. विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलेला असतो. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ शोधून बघा. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे लिहिलेलं असतं, एकसंध ‘ॲ’ किंवा ‘अ’वर चंद्र. एकसंध रूप निवडा आणि पुस्तकभर तेच वापरा.

मजकूर साफ झाला की रचना. प्रकरणाचं नाव ठळक आणि मोठं केल्याने ते शीर्षक होत नाही. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्यावी लागते. अनुक्रमणिका त्यावरूनच बनते. नवीन पानासाठी एंटर मारत बसू नका, त्याच स्टाइलमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ लावा. परिच्छेदाच्या सुरुवातीची जागाही टॅब किंवा स्पेसने नको, स्टाइलमधल्या पहिल्या ओळीच्या इंडेंटने सोडा. कवितेत कडव्यातल्या ओळी शिफ्ट-एंटरने तोडा आणि कडवं संपल्यावरच एंटर द्या, नाहीतर प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन कडवी विस्कटतात. स्टाइल बदलूनही मराठी अक्षरं मोठी होत नसतील तर गोंधळू नका. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळ्या रकान्यात ठेवतो. लिबर ऑफिसमध्येही तसाच वेगळा रकाना आहे. दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये तो सुरू करावा लागतो.

ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’वर कधीच ठेवू नका, वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. दीडपट अंतर देवनागरीला मानवतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, तेही टाळा. तिरप्या अक्षरांचा मोहही सोडा: बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा तिरपा प्रकार नसतो, सॉफ्टवेअर सरळ अक्षरं नुसती ढकलून वाकडी करतं. आणि परिच्छेदाच्या दोन्ही कडा सारख्या करण्याचा हट्ट नको. अरुंद पडद्यावर लांब मराठी शब्द तुटत नाहीत, मग उरलेल्या शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ असली की पुरे.

पुढचा टप्पा ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल. पीडीएफवर समाधान मानू नका: तिचं पान ठरलेल्या आकाराचं असतं, त्यामुळे फोनवर ती दोन बोटांनी ताणत वाचावी लागते. शिवाय मराठी पीडीएफमधून मजकूर परत काढताना जोडाक्षरांचा चुराडा होतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवाच. ईपबसाठी कॅलिबर आणि सिगिल ही दोन्ही साधनं मोफत आहेत. कॅलिबर वर्डच्या फाइलीचं ईपब करतं, सिगिलमध्ये ते उघडून आतली दुरुस्ती करता येते.

सिगिलमध्ये सगळ्यात आधी भाषा पाहा. ईपबला ओळखक्रमांक, शीर्षक आणि भाषा या तीन गोष्टी बंधनकारक आहेत. भाषेच्या जागी नकळत इंग्रजी राहून गेली, तर वाचून दाखवणारं यंत्र चुकीचा आवाज लावू शकतं. तिथे मराठी निवडा आणि प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीतही भाषेची खूण मराठीच करा. याचा परिणाम अक्षरांवरही होतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, आणि ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं दिलेली आहेत ते भाषेची खूण बघून योग्य ते निवडतात. फॉन्ट ईपबमध्ये जोडायचा असेल तर मुक्त परवान्याचाच घ्या. नोटो सेरिफ देवनागरी, मुक्त आणि तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही तसे आहेत.

नंतर ईपबचेक हे फाइलीतल्या चुका शोधणारं साधन चालवा. लाल चुका शून्य झाल्याशिवाय फाइल कुठेही पाठवू नका. गूगल प्ले बुक्स ईपब घेतं, किंडलही घेतं. किंडलसाठीची जुनी मोबी फाइल आता बनवायची गरज नाही.

मुखपृष्ठाबद्दल थोडक्यात. किंडलसाठी २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद हे आदर्श माप आहे. शीर्षक नखाएवढ्या चित्रातही वाचता आलं पाहिजे, म्हणून जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतील असा अतिजाड फॉन्ट नको. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमधला ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय लावा.

दुकानातल्या वर्णनात पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव रोमन लिपीतही एकदा येऊ द्या. कितीतरी मराठी वाचक शोधताना तेच टाइप करतात. नमुना प्रकरण स्वतःच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर त्याच्या दुव्यातही रोमन अक्षरंच ठेवा. युनिकोड अक्षरं साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी अक्षराचे तीन बाइट होतात आणि दुवा कॉपी करताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. म्हणजे एका अक्षराची नऊ. चार शब्दांचं शीर्षक शंभरावर चिन्हांचं होतं, आणि असा दुवा निरोपात पाठवला की मध्येच तुटण्याची भीती असते.

प्रकाशित करण्याआधी फाइल निदान एका फोनवर आणि एका मोठ्या पडद्यावर उघडा, अक्षर सर्वांत मोठं करून दोन-तीन प्रकरणं चाळा. मग फोनच्या मराठी आवाजात एक पूर्ण प्रकरण ऐका. डोळ्यांना सवयीने बरोबर वाटलेला ‘दर्या’ कानाला लगेच खटकतो. सापडलेली चूक मूळ वर्ड फाइलमध्ये आणि ईपबमध्ये, दोन्हीकडे त्याच वेळी दुरुस्त करा, आणि श्रेयनामावलीच्या पानावर आवृत्तीचा महिना-वर्ष बदला. वाचकाने आधी उतरवून घेतलेली प्रत आपोआप बदलेलच असं नाही. कुणी चूक कळवली की ती कोणत्या प्रतीतली आहे, हे त्या एका ओळीवरून समजतं.