चहा

"मला चहा देशील?" काल संध्याकाळी शेजारीण दारातच म्हणाली.

मी बघतच राहिले. सॉल्ट लेक सिटीत सहा वर्षांचा शेजार. ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरातली; १८३३च्या 'वर्ड ऑफ विज्डम' या धर्माज्ञेमुळे त्यांना चहा-कॉफी वर्ज्य. माझ्याकडे ती कायम लिंबू सरबतच प्यायची.

आलं घालून चहा केला. कप दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ नुसता वास घेत होती. मग बोलायला लागली.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८३५मध्ये हाती आलेल्या इजिप्शियन पपायरसवरून, म्हणजे प्राचीन कागदावरून, 'अब्राहमचा ग्रंथ' हा बायबलमधल्या अब्राहमच्या नावाचा धर्मग्रंथ भाषांतरित केला, असं ती लहानपणापासून शिकलेली. त्या पपायरसचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९६७मध्ये चर्चला दिले. तज्ज्ञांनी वाचले, तर तो अंत्यविधीचा मजकूर निघाला. अब्राहमचं नावही नाही. २०१४मध्ये चर्चने स्वतःच्याच लेखात हे मान्य केलं. ग्रंथ मात्र ते आजही ईश्वरप्रेरितच मानतात.

"मी विरोधकांचं काहीच वाचलं नाही," ती म्हणाली. "आमचंच वाचलं."

हे वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. जिने मनापासून श्रद्धा ठेवली, तीच मनापासून वाचायला बसली. आणि तिलाच सगळे 'भरकटलेली' म्हणतात.

पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे, टेम्पलमध्ये. चर्चची परवानगी असलेल्यांनाच आत जाता येतं. ही सख्खी बहीण बाहेर बागेत थांबणार.

"मी येऊ तुझ्याबरोबर?" मी विचारलं.

तिने काही न बोलता रिकामा कप पुढे केला. मी पुन्हा आधण ठेवलं.