धूर कुठला, ते पॅनलला कळत नाही

मी मूळचा वसईचा. कॅनडात एडमंटनमध्ये फायर अलार्म बसवायचं आणि तपासायचं काम करतो. जुलै २०२२ मध्ये मॅकॉली भागातल्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये शेवटची टेस्ट होती. चर्च १९१३ सालचं. ऑगस्ट २०२० च्या आगीनंतर जवळजवळ दोन वर्षं बंद. आता उघडायचं होतं, आणि २५ तारखेला पोप फ्रान्सिस यायचे होते.

मॉनिटरिंग स्टेशनला, म्हणजे अलार्म वाजला की बंबाला कळवणाऱ्या केंद्राला, फोन करून सिस्टिम टेस्टवर टाकली (हे विसरलं की बंब दारात हजर!) आणि लांब दांड्याने एकेका डिटेक्टरला धूर दाखवत निघालो. वेदीवर टिपीचे, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या शंकूसारख्या तंबूचे, खांब उभे होते. १९९१ पासून हे चर्च फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्यूट या मूळनिवासी लोकांचं.

मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. सगळे तिला ‘कोकुम’ म्हणत. क्री या इथल्या मूळनिवासींच्या भाषेत आजी. मला आधी सोलकढीच आठवली.

“आमच्या धुरालाही हे बोंबलणार का?” तिने विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. तिने पिशवीतून शिंपला काढला, त्यात सेज या सुगंधी वनस्पतीची वाळलेली पानं पेटवली, ज्योत विझवली. वर येणारा धूर ओंजळीने डोक्यावरून, डोळ्यांवरून, तोंडावरून घेतला. इथे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, ही धुरी असते. दोन मिनिटांत पॅनलवर, म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेल्या पेटीवर, लाल दिवा लागला. कोकुम हसत सुटली.

मग म्हणाली, “शाळेत याच धुराला सैतानाचा म्हणायचे.” शाळा म्हणजे मूळनिवासींच्या मुलांसाठीची निवासी शाळा. सरकारचा पैसा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. मुलं घरातून उचलून नेलेली, क्री बोललं की शिक्षा.

“कोकुम, तरी चर्चमध्ये येता?”

“येशूने नव्हतं मला त्या शाळेत घातलं.”

आमच्या वसईलाही धर्म पोर्तुगिजांबरोबर आला, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं. मी मिस्सा मराठीत ऐकत वाढलो. माझी भाषा कुणी तोंडातून काढून घेतली नव्हती.

उपाय साधाच निघाला. धुरीच्या वेळी फक्त वेदीवरचा झोन, म्हणजे तिथल्या डिटेक्टरांचा गट, बायपास करायचा, एक माणूस अग्निशामक घेऊन उभा ठेवायचा, नंतर झोन पुन्हा चालू. लॉगबुकात तसं लिहिलं. जॅकेटला सेजचा वास चार दिवस होता.

२५ तारखेला मी दुसऱ्याच इमारतीच्या तळघरात होतो. सकाळी पोपनी मास्क्वाचीस या गावी निवासी शाळांबद्दल माफी मागितली, दुपारनंतर ते या चर्चमध्ये आले. मी मोबाइलवर बघत होतो. ते बोलत होते आणि माझी नजर सारखी छताकडे, त्या वेदीवरच्या डिटेक्टरकडे. कॅमेरा काही तिकडे वळेना.