उकाड्याची रात्र आणि १७८ व्होल्ट: माझा अनुभव

मे महिन्यात जळगावात दुपारी पारा ४४-४५ ला जातो, त्याची चर्चा सगळे करतात. झोपणाऱ्याचा छळ मात्र रात्री नऊनंतर सुरू होतो. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा उष्णता खाली सोडतो आणि पंखा छताखालची तीच हवा अंगावर ढकलतो. वरच्या मजल्यावरची खोली झोपण्यालायक करताना गच्चीवरचा चुना, गादी, कूलर ही कामं दोन दिवसांत उरकली. व्होल्टेजने मात्र सतरा दिवस खाल्ले.

पंखा पाचवर, तरी पाती मोजता येतील इतका मंद. कूलरच्या पंपातून पाणी वर चढेना, त्यामुळे गवताचा वरचा अर्धा भाग कोरडा आणि त्यातून गरम वारा थेट उशीवर. आधी पंख्याचा कंडेन्सर बदलला (२.५ मायक्रोफॅरॅडचा). तुम्हीही आधी तेच करा, कारण कंडेन्सर कमजोर झाला की पंखा असाच मंदावतो. काहीच फरक पडला नाही, तेव्हा मल्टिमीटर आणला. रात्री साडेदहाला १७८ व्होल्ट. २३० च्या जागी १८० मिळाले की साध्या पंख्याच्या मोटरचा जोर साधारण साठ टक्क्यांवर येतो, कारण हा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

वीज कार्यालयात तोंडी सांगितलं. तीन दिवसांनी वायरमन आला, सकाळी आठला. "भाऊ, २२९ आहे, एकदम बरोबर," म्हणाला आणि गेला. पुन्हा तक्रार, पुन्हा सकाळीच तपासणी, पुन्हा "बरोबर". याचा राग अजून गेलेला नाही. ज्या वेळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असतात, त्या वेळी मोजलं तरच बिघाड दिसणार!

मग पद्धत बदलली. चार रात्री चार वेळा आकडे लिहून काढले: साडेदहाला १७८, बाराला १८३, पहाटे चारला २१२, सकाळी आठला २२९. घरची वायर निर्दोष आहे हे दाखवायला १००० वॅटची इस्त्री लावून पाहिलं, व्होल्टेज दोनच व्होल्टने खाली आलं. दहा-बारा व्होल्ट पडले असते, तर दोष आपल्या सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या) जोडात शोधावा लागला असता. समोरच्या घरी, त्याच वेळी, दुसऱ्या फेजवर (गल्लीत येणाऱ्या तीन वीजतारांपैकी वेगळ्या तारेवर) २२२. म्हणजे डीपीवरच्या (गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) आमच्या एकाच फेजवर जास्त घरं जोडलेली.

हे सगळं अर्जात लिहिलं. ग्राहक क्रमांक, डीपीवर रंगवलेला नंबर, त्याच फेजवरच्या पाच घरांच्या सह्या. दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चौथ्या दिवशी काही घरं दुसऱ्या फेजवर वळवली. त्या रात्री २१९ दिसले आणि पंख्याचा आवाज ऐकूनच हायसं वाटलं.

मल्टिमीटर एसीच्या ७५० च्या रेंजवर ठेवायचा. सॉकेटमध्ये टोकं घालताना हात कोरडे, पायात चप्पल. जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला रात्रीच बोलवा. नवीन पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) घ्या. वीज निम्म्याहून कमी खातो आणि व्होल्टेज पडलं तरी वेग सहसा टिकवतो.

चुन्याचं राहिलं. कळीचा चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडाथोडा टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते. रात्रभर मुरवून, गाळून, दोन हात द्यायचे. फोमची गादी पाठीखाली उष्णता धरून ठेवते. कापसाची गादी पिंजून घ्या, वर सुती चादर, आणि पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब सरकवा.

कूलरला बाहेरची हवा हवी आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, नाहीतर अंग चिकचिकतं. अर्थिंग तपासा, पाणी भरताना पिन काढा. टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. पहाटे चारला पंप बंद करून नुसता पंखा ठेवा, कारण तेव्हा बाहेरची हवा निवलेली असते आणि पंप चालू राहिला तर चादर दमट होते. पायाशी एक पातळ गोधडी असू द्या, त्या वेळी ती लागतेच.